गाडी पुन्हा पुन्हा बंद पडतेय? आधी आवाज ऐका, मग बॅटरी बदला

गाडी एकदा बंद पडली तर त्याला योगायोग म्हणता येतं. तीच गाडी महिन्याभरात तिसऱ्यांदा बंद पडली, तर आधीच्या दोन्ही वेळी ती नुसती चालू झाली होती, दुरुस्त झालीच नव्हती. जम्पर केबल लावली, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, टायरमध्ये हवा मारली की गाडी घरापर्यंत येते. पण बॅटरी कशानं उतरली, पाणी गेलं कुठे आणि हवा निघते कुठून, हे तसंच राहतं. म्हणून खाली दोन्ही गोष्टी दिल्या आहेत: रस्त्यावर काय करायचं, आणि घरी आल्यावर सवडीनं काय शोधायचं.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो बॅटरीवर. 'सकाळी सेल्फ लागत नाही' म्हटलं की नवी बॅटरी बसवली जाते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तीच सकाळ उगवते. दोष असतो ऑल्टरनेटरमध्ये (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनित्र), सैल अर्थिंगमध्ये (बॅटरीच्या उण्यापासून बॉडीला जाणारी जोडणी) किंवा रात्रभर जळणाऱ्या डिकीच्या दिव्यात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येतं?

बॉनेट उघडायची घाई करू नका. हेडलाइट लावा, किल्ली फिरवा आणि एकाच वेळी आवाज ऐका, डॅशबोर्डचे दिवे बघा. निम्मं निदान इथेच होतं.

भराभर टकटक ऐकू आली तर बॅटरी उतरली आहे, नाहीतर टर्मिनल सैल आहे. सेल्फच्या सोलेनॉइडला (मोटरला वीज जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढून घ्यायला थोडीच वीज पुरते, ती मिळते. सोलेनॉइड आत ओढला गेला की मोटर शंभराच्या वर ॲम्पियर मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो. सुटल्यावर व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. हे सेकंदाला अनेकदा होतं, तीच ती टकटक.

एकच जाड 'टक' आणि पुढे शांतता असेल तर दिव्यांकडे बघा. दिवे एकदम मंदावले तर वीज कमी पडतेय, म्हणजे बॅटरी किंवा जोडणी. दिवे तसेच लख्ख राहिले तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही: सोलेनॉइडचे संपर्क झिजलेत, सेल्फचे कार्बन ब्रश संपलेत किंवा सेल्फवरची जाड केबल सुटली आहे. इथे नवी बॅटरी बसवून काहीही फरक पडणार नाही.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, याचा अर्थ बॅटरी ठणठणीत आहे. इंधन, ठिणगी किंवा इमोबिलायझर (किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा), या तिघांपैकी एकाचं काम आहे. अशा वेळी सलग सेल्फ मारत राहू नका. एका वेळी दहा सेकंद, मग निदान अर्धा मिनिट थांबा. नाहीतर चांगल्या बॅटरीचा आणि सेल्फचाही बळी जातो. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी किल्ली ओळखत नाहीये. दुसरी किल्ली लावून बघा.

काहीच आवाज नाही, पण दिवे नीट लागतात: ऑटोमॅटिक गाडी असेल तर 'पी'ऐवजी 'एन'मध्ये टाकून बघा, कारण गिअरची जागा सांगणारा स्विच झिजला की 'पी' ओळखला जात नाही. मॅन्युअल असेल तर क्लच पार तळाशी दाबा. पायाखालची मॅट पुढे सरकून पेडल अडवत असते. बटणानं सुरू होणाऱ्या गाडीत रिमोटचा सेल संपलेला असू शकतो (बहुतेक वेळा तो सीआर २०३२ जातीचा चपटा सेल असतो). तेव्हा रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. आतली चिप सेलशिवायही वाचता येईल अशी सोय बहुतेक गाड्यांत असते. काहींमध्ये त्यासाठी वेगळी जागा ठरवलेली असते, ती मॅन्युअलमध्ये आधीच पाहून ठेवा.

मीटर लावा, अंदाज नको

एक साधा डिजिटल मल्टिमीटर गाडीत असावा. बॅटरीबद्दलचे निम्मे वाद तो मिटवतो.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दार उघडण्याआधीची स्थिती जितकी जपता येईल तितकी जपून, टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ किंवा थोडं जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आकडे किती जवळजवळ आहेत बघा: पूर्ण आणि निम्मीत फक्त ०.४ व्होल्टचा फरक. म्हणून '१२ व्होल्ट दाखवतेय, म्हणजे बॅटरी चांगली' हे वाक्य चुकीचं आहे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा खोटा चढलेला असतो. हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

दुसरं माप सेल्फ मारताना. एकानं किल्ली फिरवायची, दुसऱ्यानं मीटर धरायचा. बॅटरी भरलेली असूनही आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी आतून थकली आहे. ती विश्रांतीत १२.६ दाखवेल, पण भार आला की हात टेकते. अशी बॅटरी मात्र खरोखरच बदलायची.

तिसरं माप इंजिन चालू असताना. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ यायला हवं. १३ च्या खालीच अडकलं असेल तर ऑल्टरनेटर भरत नाहीये. १५ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी उकळतेय. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. नव्या गाड्यांत संगणक गरजेप्रमाणे चार्जिंग कमीजास्त करतो. त्यामुळे आकडा थोडा वेळ १२.५ च्या आसपास दिसला म्हणून लगेच ऑल्टरनेटर उतरवायला सांगू नका. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावून पुन्हा बघा.

तिन्ही मापं चांगली आली आणि तरीही सेल्फ रडत फिरतो? मग जोडण्या तपासा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या उण्या खांबावर (क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगच्या वाटेत अडथळा आहे. तसंच धन खांबापासून सेल्फच्या जाड नटापर्यंत ०.५ पेक्षा जास्त नको. अर्थिंगची वेणी जिथे चासीला बसते तिथे रंगाखाली गंज धरलेला असतो. वरून बोल्ट घट्ट दिसतो, पण वीज जात नाही. बोल्ट काढा, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासा, आवळा.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा साठला असेल तर आधी उणा काढा, मग धन. क्रम यासाठी की धनाचा नट सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला, तर उणा जोडलेला असताना थेट शॉर्ट होतो आणि पाना तिथल्या तिथे लाल होऊ शकतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशनं धुवा, कोरडं करा, उलट क्रमानं जोडा आणि वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्या. क्लॅम्प हातानं फिरता कामा नये.

पाणी कुठे मुरतंय: उभ्या गाडीत उतरणारी बॅटरी

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की गाडी मेलेली. म्हणजे काहीतरी बंद गाडीत वीज पितंय. थोडी वीज प्रत्येक गाडी पिते: घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर. ५० मिलिॲम्पियरपर्यंत चालतं. ते दिवसाला १.२ ॲम्पियर-तास होतात, म्हणजे ४५ ॲम्पियर-तासांची बॅटरी साधारण १९ दिवसांत निम्मी. निर्दोष गाडीसुद्धा तीन आठवडे उभी ठेवल्यावर कुरकुर करते ती यामुळे. डिकीतला ५ वॅटचा दिवा जळत राहिला तर ०.४ ॲम्पियर जातात, दिवसाला जवळजवळ १० ॲम्पियर-तास. अडीच दिवसांत खेळ खलास.

शोधायची पद्धत अशी, आणि यात घाई केली की उत्तर चुकतं. बॉनेट उघडा आणि त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद स्थितीत आणा, म्हणजे गाडीला बॉनेट मिटलं आहे असं वाटेल. ज्या दाराजवळच्या फ्यूजपेटीशी काम आहे त्या दाराचंही तसंच करा. काम झाल्यावर लॅच हँडलनं सोडायला विसरू नका, नाहीतर दार किंवा बॉनेट बसणार नाही. गाडी लॉक करा आणि रिमोट लांब ठेवा. आता थांबा. आतले कंट्रोल युनिट लगेच झोपत नाहीत. वीस मिनिटं, काही गाड्यांत तासभरसुद्धा लागतो. तोपर्यंत कितीही मोठा आकडा दिसला तरी त्याला अर्थ नाही.

मीटर १० ॲम्पियरच्या सॉकेटवर घेऊन बॅटरीचा उणा खांब आणि सुटा केलेला उणा क्लॅम्प यांच्यामध्ये लावा. जोडताना वीज क्षणभरही तुटली तर सगळे युनिट जागे होतात, म्हणून आधी एक जादा वायर खांब आणि क्लॅम्पला जोडून मगच क्लॅम्प काढा. मीटर बसला आणि गाडी झोपली की ती वायर सोडा. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, दार उघडू नका. मीटरचा फ्यूज उडेल.

आकडा ५० मिलिॲम्पियरच्या बराच वर आहे? फ्यूज एकेक उपटत बसायचं, ही जुनी रीत. पण फ्यूज परत बसवताना युनिट जागे होतात आणि पुन्हा वीस मिनिटं गेली. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर घ्या आणि प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर जे दोन बारीक उघडे ठिपके असतात त्यांना टोकं लावा. ज्यातून वीज जात नाही तिथे शून्य. जिथे अर्धा-एक मिलिव्होल्ट दिसला, तिथे वीज वाहतेय. फ्यूज जागेवर, गाडी झोपलेली, आणि दहा मिनिटांत पूर्ण पेटी तपासून होते.

सापडणारे गुन्हेगार ठरलेले आहेत. नंतर बसवलेला म्युझिक सिस्टम, ज्याची कायम वीज आणि किल्लीची वीज एकत्र जोडून टाकलेली असते. डॅशकॅम. ट्रॅकर. कप्प्याचा किंवा डिकीचा दिवा (डिकीत मोबाइलचा व्हिडिओ चालू ठेवून झाकण लावा, दिवा विझतो का ते कळेल). चिकटलेला रिले (विजेनं चालणारा छोटा स्विच), जो हाताला कोमट लागतो. सगळे फ्यूज शून्य दाखवतात आणि तरी गळती आहे, तर ऑल्टरनेटरमधला डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) गेला असावा. ऑल्टरनेटरची जाड तार बॅटरीचा उणा काढून सुटी करा, टेपनं गुंडाळा, पुन्हा मोजा. गळती थांबली की चोर सापडला.

गळतीही नाही आणि तरी बॅटरी उतरते, तर वापर तपासा. रोज पाच-सात मिनिटांची फेरी, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, अशा गाडीची बॅटरी कधी भरतच नाही. अर्धवट भरलेली राहिली की आतल्या प्लेटवर कठीण सल्फेट जमतं आणि क्षमता कायमची घटते. महिन्यातून एकदा ४–५ ॲम्पियरच्या चार्जरवर रात्रभर ठेवणं हा यावरचा साधा इलाज आहे. जम्प देऊन अर्धा तास गाडी फिरवली म्हणजे बॅटरी भरली, असं होत नाही.

जम्पर केबल लावताना

केबल जाड हवी: छोट्या पेट्रोल गाडीला १६ चौरस मिलिमीटर, डिझेलला २५. रबर जाड आणि आत तांबं बारीक, अशा केबल गरम होतात आणि सेल्फ फिरत नाही. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या, एकमेकींना न टेकलेल्या, बंद. लाल टोक मेलेल्या बॅटरीच्या धनाला, लालचं दुसरं चांगल्या बॅटरीच्या धनाला, काळं चांगल्या बॅटरीच्या उण्याला, आणि शेवटचं काळं मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून ती लांब. चांगली गाडी सुरू करून चार-पाच मिनिटं तशीच राहू द्या, मग दुसरीचा सेल्फ मारा. काढताना क्रम नेमका उलटा. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गोठलेली असेल तर केबल लावूच नका.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गाडीला: किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच एकदम सोडा आणि इंजिन पकडताच पुन्हा दाबा. ऑटोमॅटिकला याचा उपयोग नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांनाही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती उतरली की गाडी जागीच बसते. तिला जम्प देता येतो, पण तिनं दुसऱ्या गाडीला द्यावा का, हे तिचं मॅन्युअल सांगेल तसंच करा.

गाडी तापते तेव्हा

काटा वर चढायला लागला की एसी बंद, हीटर सगळ्यात गरम आणि ब्लोअर पूर्ण. हीटरचा छोटा रेडिएटर इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. घाम निघेल, पण सुरक्षित जागा गाठायला दोन-चार मिनिटं मिळतात. हीटरमधून थंड हवा यायला लागली तर कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) संपलं आहे, तिथेच थांबा. काटा लाल पट्ट्यात गेला की इंजिन बंद. आणखी एक किलोमीटर रेटण्याच्या मोहात ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं, आणि एका होजपाइपचं काम पूर्ण इंजिन उघडण्यावर जातं.

रेडिएटरची टोपी उघडू नका. बंद यंत्रणेत साधारण एक बार जादा दाब असतो, त्यामुळे कुलंट १०० अंशांच्या वर तापूनही उकळत नाही. टोपी सैल केली की दाब जातो आणि सगळं द्रव त्याच क्षणी उकळून चेहऱ्यावर येतं. निदान पाऊण तास थांबा. वरचा रबरी पाइप जाड कापड लावून दाबा. तो टणक असेल तर अजून दाब आहे. मऊ पडल्यावर कापड टाकून टोपी पाव वळसा फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर धातू तडकतो. अडचणीत पिण्याचं पाणी चालेल, पण नंतर ते काढून निम्मं कुलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी भरायचं. नळाच्या पाण्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आणि पुढच्या वेळी तापण्याचं तेच कारण ठरतं.

आता पुन्हा पुन्हा का तापते? कधी तापते, हाच प्रश्न सगळं उलगडतो.

गर्दीत तापते, मोकळ्या रस्त्यावर ठीक असते: पंखा. वेगात असताना वारा आपोआप लागतो, उभी राहिली की पंख्याशिवाय पर्याय नाही. एसी लावा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज, मग रिले, मग मोटर. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर.

गावात ठीक, वेगात किंवा घाटात तापते: उष्णता जास्त आणि ती वाहून नेणारा प्रवाह कमी. रेडिएटर आतून चोंदलाय, बाहेरून जाळीत माती आणि किडे बसलेत, वॉटर पंपाची पंखडी झिजली आहे, किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अर्धाच उघडतोय.

सुरू केल्यावर सात-आठ मिनिटांतच तापते: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला किंवा कुलंट बदलताना आत हवा राहिली. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांदरम्यान उघडायला लागतो. काटा वर गेला आणि रेडिएटरचा खालचा पाइप अजून गार आहे, तर तो उघडलेला नाही. थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा सल्ला देणारे भेटतात. तो मानू नका. इंजिन कायम थंड चालतं, इंधन जास्त पितं आणि झिजतं.

कुलंट दर आठवड्याला कमी होतं पण खाली थेंब नाही: आधी टोपीचं रबर बघा. चिरलेलं रबर दाब धरत नाही आणि वाफ गुपचूप निघून जाते. सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात शेवटी बघितला जाणारा. मग वॉटर पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकाशी वाळलेल्या कुलंटची खूण. पुढच्या सीटसमोरची कार्पेट ओली आणि केबिनमध्ये गोडसर वास, तर हीटरचा रेडिएटर गळतोय. आणि सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा गोडसर धूर, डिपस्टिकवर दुधी चहासारखं तेल, कुलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, तर हेड गॅसकेट (हेड आणि इंजिन यांच्यामधलं सील) गेलं आहे. ऑइलच्या झाकणाखाली नुसता थोडा मलईदार थर दिसला म्हणून घाबरू नका. छोट्या फेऱ्यांत बाष्प जमूनही तो येतो.

चालता चालता बंद पडली

इंजिन बंद पडलं तरी ब्रेक लगेच जात नाहीत. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरता व्हॅक्यूम उरतो, म्हणून ब्रेक एकदाच आणि सलग दाबा, पंप करू नका. स्टिअरिंग जड होईल, पण फिरेल. किल्ली पार मागे फिरवू नका, नाहीतर स्टिअरिंगचं कुलूप बसतं. वेग आहे तोवर इंडिकेटर देऊन कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, माणसं वाहनांच्या विरुद्ध बाजूनं उतरवून कठड्यापलीकडे उभी करा. त्रिकोण गाडीच्या मागे साधारण ५० मीटरवर, वेगवान रस्त्यावर १०० किंवा अधिक. पण जिथे रस्त्यावरून चालणंच जिवावरचं आहे, तिथे त्रिकोणासाठी मागे जाऊ नका.

आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, मग हेडलाइट मंद झाले, मग बंद: ऑल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट. एकदम बंद, जणू कुणी किल्ली काढली: क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे संगणकाला सांगणारा) किंवा इंधन पंपाची वीज. गचके देत, दम तोडत बंद: इंधन पोचत नाही, फिल्टर चोंदलाय. डिझेल गाडी फिल्टर बदलल्यावर लगेच बंद पडली तर लाइनीत हवा आहे. हातपंप असेल तर तो टणक लागेपर्यंत दाबा. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला असेल तर तिथेच इंजिन बंद करा आणि तेलाची पातळी बघितल्याशिवाय पुन्हा सेल्फ मारू नका.

इंधन पंपाची परीक्षा सोपी आहे. किल्ली चालूवर न्या, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटशी कान द्या. पेट्रोल गाडीत एक-दोन सेकंद बारीक 'हुंऽऽ' ऐकू यायला हवं. नाही आलं तर पंपाचा फ्यूज बघा, मग रिले. फ्यूजपेटीत हॉर्नचा रिले बहुतेकदा त्याच आकाराचा असतो. दोन्हींवरचा क्रमांक अक्षरशः सारखा असेल तर त्यांची अदलाबदल करून बघा. गाडी सुरू झाली आणि हॉर्न मुका झाला, तर दोष हातात आला. फ्यूज मात्र त्याच ॲम्पियरचा लावा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

इंजिनचा पिवळा दिवा सतत लागला असेल तर डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला छोटा स्कॅनर लावून कोड वाचा आणि पुसण्याआधी लिहून ठेवा. पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी०३०० सिलिंडर मिसिंगचा, पी०५६२ कमी व्होल्टेजचा. कोड भाग सांगत नाही, सर्किट सांगतो. तुटलेली वायरही तोच कोड देते. दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग जोरात आहे आणि न जळलेल्या इंधनानं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर शुद्ध करणारा भाग) जळतोय, गाडी रेटू नका.

टायर, थोडक्यात

नट जॅक लावण्याआधी अर्धा वळसा सैल करा, चाक हवेत असताना जोर लावू नका. जॅक मॅन्युअलमधल्या खुणेवरच. चाक गंजानं चिकटलं असेल तर टायरच्या बाजूला टाचेनं लाथ मारा. नट समोरासमोरच्या जोडीनं आवळा आणि ५०–१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. बारीक स्टेपनीवर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नका. एकाच चाकाची हवा वारंवार उतरत असेल तर खिळाच शोधत बसू नका. साबणाचं पाणी व्हॉल्व्हच्या तोंडावर, व्हॉल्व्हच्या बुडाशी आणि रिमच्या कडेला फिरवा. रिमचा गंज हे दुर्लक्षित कारण आहे.

डिकीत काय हवं

जम्पर केबल, मल्टिमीटर, १० मिलिमीटरचा पाना (बहुतेक टर्मिनलना हाच लागतो), डोक्याला बांधायची टॉर्च, हातमोजे, परावर्तक जाकीट, त्रिकोण, चार रंगांचे फ्यूज, दोन लिटर डिस्टिल्ड पाणी, हवेचं गेज, टायरला वारा भरायचा छोटा कॉम्प्रेसर, पंक्चरची दोरी आणि सुई. लॉकिंग नट असतील तर त्यांची चावी कुठे आहे ते आज बघा. स्टेपनीची हवा दर महिन्याला. जम्प देणारी पॉवर बँक असेल तर ती तीन महिन्यांनी चार्ज करा आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत कायम ठेवू नका. टोचनचा हुक एकदा बसवून पाहा. काही गाड्यांत आटे उलटे असतात. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडी, इंजिन किंवा मोटर ज्यांना फिरवते ती चाकं जमिनीवर ठेवून ओढू नये, सपाट ट्रकवरच चढवावी.

आणि कप्प्यात एक छोटी वही. बंद पडली की चार गोष्टी लिहा: इंजिन गरम की गार, किती वेळ चालली होती, सेल्फचा आवाज कसा होता, परत कशानं सुरू झाली. 'मधूनच बंद पडते' एवढंच सांगितलं तर मेकॅनिक अंदाजानं भाग बदलत बसतो. 'इंजिन गरम, ४० मिनिटांनी एकदम बंद, सेल्फ नीट फिरतो, पंप ऐकू येतो, २० मिनिटांनी आपोआप सुरू', एवढं तीनदा लिहिलेलं दिसलं की त्याचा हात सरळ क्रँक सेन्सरकडे जातो.